फोटोखाली तुझी स्वतःची एक ओळ हवी

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी लातूरहून पुण्याला आलास, नऱ्ह्यात राहतोस, येता-जाता रोज काही ना काही छान दिसतं, रात्री नेटवर पण भारी गोष्टी सापडतात, त्या आईला, मित्रांना, भावंडांना दाखवाव्याशा वाटतात, पण टाकलं की दोन अंगठे येतात आणि विषय संपतो, मग वाटतं आपण लोकांना उगाच पिडतोय का. आणि मुळात काय टाकावं, कसं टाकावं हेच कळत नाही. मला ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते.

मी हे २०११ पासून करतेय. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी होती, दिवसभर काही ना काही हाताखालून जायचं, तेव्हा अकरा मावस-मामे भावंडांना रोज संध्याकाळी एक ईमेल टाकायचे, एक प्रसंग आणि एक लिंक. पुढे तेच व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर आलं, म्हणजे मेसेज एकदाच टाकायचा आणि तो लिस्टमधल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. लिस्टमध्ये २५६ च्या वर माणसं बसत नाहीत आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, बऱ्याच जणांना ही अडचण वाटते पण मला ही अट फार आवडते, कारण ज्याला खरंच हवंय त्यालाच जातं, कुणाच्या डोक्यावर जाऊन पडत नाही.

आता मुद्द्याचं. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळलीय, ती म्हणजे फोटो किंवा लिंक हा अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा म्हणजे तू त्याच्याखाली लिहिलेली ओळ, की हे मी का उचललं. ती ओळ नसेल तर ते फॉरवर्ड. फॉरवर्डला लोक अंगठा देतात कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतंच रे, समोरच्याला तू त्यात कुठे दिसतच नाहीस.

एक उदाहरण देते. गेल्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकाच्या दुकानाबाहेर ओल्या छत्र्या लटकवलेल्या दिसल्या, फोटो काढला. पटकन टाकायचं तर काय लिहिलं असतं, 'पुण्याचा पाऊस' आणि पुढे एक बदाम. मी थांबले, पुन्हा बघितलं आणि असं लिहिलं: 'अप्पा बळवंत चौक, सकाळी साडेअकरा. पुस्तकं भिजू नयेत म्हणून दुकानदाराने दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधून गिऱ्हाइकांच्या छत्र्यांची सोय केलीय. तीन काळ्या आणि एक पिवळी, बदकाच्या तोंडाच्या मुठीची. पिवळीचा मालक आत आईचा ओढणीचा काठ धरून उभा आहे, त्याला व्याकरणाचं पुस्तक नकोय, चित्रांचं हवंय.' त्या दिवशी मला जेवढी उत्तरं आली तेवढी आधी महिनाभरात आली नव्हती. कुणी आपल्या शाळेच्या पुस्तकांची खरेदी सांगितली, एका आजींनी लिहिलं की त्यांच्याकडे अजून लाकडी दांड्याची छत्री आहे, आणि निम्म्या लोकांनी विचारलं, मग शेवटी कुठलं पुस्तक घेतलं? (चित्रांचं. व्याकरणाचंही घेतलं.)

बघ, फोटो तोच आहे. फरक एवढाच की कुठे, किती वाजता, काय, आणि त्यातलं एक अगदी बारीक काहीतरी जे तिथे उभं राहिल्याशिवाय दिसलं नसतं, हे चार तुकडे आत आले. 'सुंदर', 'अप्रतिम', 'निःशब्द' हे शब्द मी वापरतच नाही, कारण सुंदर आहे का नाही ते बघणाऱ्याला ठरवू दे, तू त्याला बदकाची मूठ दाखव.

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. नासाचं 'अॅस्ट्रोनॉमी पिक्चर ऑफ द डे' बघ, १६ जून १९९५ ला सुरू झालं, रोज आकाशाचं एक चित्र आणि त्याखाली एखाद्या खगोलशास्त्रज्ञाने साध्या भाषेत लिहिलेल्या चार-सहा ओळी, बस. तीस वर्षं झाली, अजून तसंच चालू आहे, पानाचं रूपडं पण जवळपास तेच. नुसती चित्रं हवी असतील तर नेटवर ढिगाने पडलीयेत, पण तिथे लोक रोज परत जातात ते त्या ओळींसाठी, कारण त्या ओळी सांगतात की या चित्रात नेमकं कुठे बघायचं. आणि त्याहून साधं, १९९७ मध्ये जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसाने रोज नेटवर जे वाचलं त्याच्या लिंका एका पानावर टाकायला सुरुवात केली, प्रत्येक लिंकेपुढे थोडक्यात शेरा, आणि त्याला 'वेबलॉग' म्हणाला. आपण जे करतोय त्याचं मूळ तिथे आहे, वाचता वाचता खूण करून ठेवायची आणि सोबत आपलं मत.

रोजच्या प्रसंगांबद्दल आधी बोलते कारण तू म्हणतोस माझ्या आयुष्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही. घडतं रे, फक्त आपण मोठं काहीतरी शोधत असतो. मी फिरायला वेताळ टेकडीवर जाते, तिथे मोर दिसला की सगळेच फोन बाहेर काढतात, तो फोटो सगळ्यांकडे असतो. मला गेल्या वर्षी सगळ्यात जास्त समाधान दिलं ते तांबट पक्ष्याने, आणि तो मला दिसलाच नव्हता. मार्चची दुपार होती, आमच्या सोसायटीमागे उंबराचं झाड आहे, तिथून टुक टुक टुक असा एका लयीत आवाज, थांबायचं नाव नाही. फोनवर वीस सेकंद रेकॉर्ड केलं. मर्लिन नावाचं फुकट अॅप आहे, ते आवाजावरून पक्षी ओळखतं, त्याने तांबट सांगितला. मग लक्षात आलं, अरे याला तांबट म्हणतात ते तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो म्हणूनच की, इंग्रजीतही त्याला कॉपरस्मिथच म्हणतात. आणि आपल्या कसब्यात तर तांबट आळीच आहे, पेशवाईपासून तांबटांची वस्ती, अजून काही घरांतून ठोके ऐकू येतात. शनिवारी मुद्दाम तिकडे गेले, एका कारागिरांना विचारून त्यांच्या ठोक्यांचं पण वीस सेकंद रेकॉर्डिंग घेतलं आणि संध्याकाळी दोन्ही क्लिप एकापाठोपाठ टाकल्या, एवढंच लिहून की 'एक झाडावरचा तांबट, एक आळीतला, कोणता कुठला ओळखा'. लोकांनी हेडफोन लावून ऐकलं. त्या कारागिरांना मी नंतर दोन्ही क्लिप पाठवल्या, ते म्हणाले, आमच्या वडिलांनी हा पक्षी दाखवला होता, मी विसरलोच होतो.

म्हणजे घरामागे काही ऐकलं, नेटवर एक गोष्ट शोधली, आणि शहरातली एक जागा त्याला जोडली. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो. नेटवरचं सापडलेलं आणि आपल्या दारातलं हे दोन वेगळे कप्पे नाहीतच.

विचारून घेणं हे मात्र सोडू नकोस. कारागिरांना विचारलं असं मी वर म्हणाले ना, ते नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. मंडईत एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या इतक्या देखण्या रचतात की मी दोन वर्षं नुसती बघायचे, एकदा विचारलं, मावशी फोटो काढू का. त्या म्हणाल्या, थांब, आधी पदर नीट करू दे. पदर नीट केला, वरच्या दोन जुड्या बदलल्या, आणि मग म्हणाल्या, मला पण पाठव. त्यांच्या मुलाने तो फोटो आठवडाभर डीपीला ठेवला होता. न विचारता काढला असता तर पदर तसाच राहिला असता आणि तो फोटो माझा झाला असता, त्यांचा नाही. बसमध्ये झोपलेली माणसं, रडणारी मुलं, दवाखान्यातले पेशंट, रस्त्यावर भांडणारं जोडपं, हे कितीही बोलकं दिसलं तरी मी काढत नाही. लहान मुलांचा फोटो त्यांच्या आईबापांना विचारूनच, आणि युनिफॉर्मवर शाळेचं नाव दिसत असेल तर नाहीच.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, दिवाळीतली. चकल्या तळून कागदावर काढल्या होत्या, छान खरपूस रंग आला होता, वरून फोटो काढला आणि लिस्टवर टाकला. दहा मिनिटांत भाचीचा फोन, मावशी आधी तो फोटो काढ. चकल्यांखाली मी जे पाठकोरे कागद घातले होते त्यात बाबांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, नंबर, जन्मतारीख, पत्ता सगळं वाचता येत होतं. लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं, ती सोय व्हॉट्सअॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत असते, पण ज्याने तोवर फोटो सेव्ह केला त्याच्याकडून काही तो जात नाही. मी एकेकाला फोन करून काढायला लावला. तेव्हापासून माझी सवय अशी, की फोटो पाठवण्याआधी त्यातला मुख्य विषय सोडून चारही कोपरे बघायचे. टेबलावरचं लाइट बिल, कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल, गाडीची नंबर प्लेट, लॅपटॉपची उघडी स्क्रीन, औषधाची चिठ्ठी. विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो तर टाकूच नये, नाव झाकलं तरी बारकोडमध्ये ते सगळं असतं.

फोटोच्या आत लपलेली माहिती हा आणखी एक भाग आहे, फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट फाइलमध्ये लिहिलं जातं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलास तर जसंच्या तसं जातं. घरातल्या फोटोंना एवढं लक्षात ठेव. आणि गावाला जातोय हे निघताना टाकायचं नाही, परत आल्यावर टाकायचं, प्रसंग तोपर्यंत शिळा होत नाही, उलट दोन दिवस मनात मुरला की ओळ चांगली येते.

नेटवर सापडलेल्या गोष्टींकडे येते. इथे तुझ्या ओळीवर एक जास्तीची जबाबदारी आहे, कारण प्रसंग तू स्वतः बघितलेला असतो, लिंक मात्र दुसऱ्याने सांगितलेली असते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, हे तू ऐकलं असशील. दर जुलैमध्ये त्या पुराचे जुने फोटो फिरतात. काही वर्षांपूर्वी मला त्यातला एक आला, गळ्याइतक्या पाण्यात माणसं, मागे बैठी दुकानं, काळीज हलवणारा फोटो. मी तो लिस्टवर टाकला. नारायण पेठेतले एक आजोबा लिस्टवर आहेत, पुराच्या वेळी ते दहा वर्षांचे होते, त्यांचा मेसेज आला, ही आमची पेठ नाही, जरा पाट्या बघ. फोटो मोठा केला तर डाव्या कोपऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवर बंगाली अक्षरं. स्पष्ट दिसत होती, मी बघितलीच नव्हती. मला वाईट वाटलं ते चुकल्याचं नाही तेवढं, ज्यांचं घर त्या पाण्यात गेलं त्यांनाच मी दुसऱ्या कुणाचा तरी पूर त्यांचा म्हणून दाखवला याचं. त्याच रात्री सगळ्यांना दुरुस्ती पाठवली, मूळ मेसेज जेवढा मोठा होता तेवढीच मोठी, खाली कुठेतरी बारीक अक्षरात नाही.

तेव्हापासून जुना फोटो आला की आधी तो मोठा करून पाट्या, गाड्यांच्या नंबर प्लेट, माणसांचे कपडे बघते. मग तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधायला गूगल लेन्सवर टाकते, किंवा त्याच कामाची टिनआय नावाची साइट आहे, २००८ पासूनची, तिथे सगळ्यात जुना सापडलेला फोटो आधी अशी क्रमवारी लावता येते, ती फार कामाची, कारण फोटो खरंच आपल्या गोष्टीचा आहे का ते त्याच्या पहिल्या जागेवरून कळतं. पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं द्यायची तयारी नसेल तर ती गोष्ट आपल्याला तेवढी आवडलेली नाही असं समजून सोडून द्यायची.

व्हॉट्सअॅपवर मेसेजवर दोन बाण दिसतात ना, त्याचा अर्थ तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. दोन बाणवाली गोष्ट आवडली तर मी ती पुढे ढकलत नाही, मूळ कुठे आहे ते शोधते आणि तिथली लिंक देते. मूळ सापडलं नाही तर नाही पाठवत. आणि तारीख! पुण्यात 'येत्या गुरुवारी पाणी बंद' हा मेसेज तारखेशिवाय फिरतो, आणि लोक कुठल्या तरी जुन्या गुरुवारसाठी पिंप भरून ठेवतात. कुठलीही लिंक देताना ती केव्हाची आहे ते लिही, चार वर्षं जुना लेख असेल तर जुना म्हण, जुना असणं काही वाईट नाही.

कविता, लेखांचं पण तेच. मोठ्या साहित्यिकांच्या नावावर खपवलेल्या कविता भरपूर फिरतात, नावाची खात्री नसेल तर पाठवू नको. आणि अख्खा लेख कॉपी करून चिकटवण्यापेक्षा दोन ओळी आणि लिंक दे, लिहिणाऱ्याच्या दारापर्यंत माणूस पोचू दे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, पण तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

लिंक पाठवायची पण एक रीत आहे. अॅपमधून शेअर केलं की लिंकेच्या मागे प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट येतं, बहुतेक वेळा ते कुणी, कुठून शेअर केलं याचा माग ठेवण्यासाठी असतं, ते कापून टाकता येतं. मात्र कापल्यावर लिंक एकदा उघडून बघ, कारण यूट्यूबच्या पूर्ण पत्त्यात व्हिडिओचा नंबरच प्रश्नचिन्हाच्या पुढे असतो, तो कापला की पहिलं पान उघडतं. तासाभराचं भाषण पाठवत असशील तर ज्या मिनिटाला मजा आहे तिथूनच सुरू होणारी लिंक दे, ती सोय यूट्यूबवरच शेअर करताना आहे. क्रोममध्ये पानावरचं एखादं वाक्य सिलेक्ट केलं की हायलाइटची लिंक कॉपी करता येते, ती उघडली की थेट त्या वाक्यापाशी माणूस जातो. कुणाचा वेळ वाचवणं हे पण प्रेमच आहे.

शोधायचं कुठे असं विचारलंस. मी तुला फीड बघ असं नाही सांगणार, तिथलं सगळ्यांनी बघितलेलं असतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला उभं राहिलेलं काम, कुठलीही नोंद उघड, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो, तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण आहे. तुझ्या आजीच्या तोंडचा एखादा लातूरकडचा शब्द, जो इथे पुण्यात कुणाला कळत नाही, तो त्यात शोध. सापडला तर तो शब्द, कोशातला अर्थ आणि आजी तो कधी वापरायची ते वाक्य, झाली तुझी एक दिवसाची गोष्ट. नाही सापडला तर त्याहून भारी, मग तो कोशात नसलेला शब्द कदाचित तूच पहिल्यांदा लिहून ठेवतोयस.

आणि जे टाकतोस त्याची स्वतःकडे एक प्रत ठेव. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, या नेटवर वाचायच्या-गप्पा मारायच्या जागा होत्या, तिथे लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं होतं. मी एक साधी फाइल ठेवते, तारीख, ओळ, लिंक, बस. आवडती पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सेव्ह करून ठेवते, मूळ साइट गेली तरी तिथे पान राहतं. आणि ओळ टाईप करूनच लिही, फोटोवर अक्षरं छापून नको, चित्रातली अक्षरं पुढे शोधायला गेलं की सहज हाती लागत नाहीत.

किती वेळा टाकावं, याला माझं उत्तर दिवसातून एकदा, त्याहून जास्त नाही. काही नसेल तर काहीच नाही. अंगठे मोजू नकोस, उत्तर कोण देतं ते बघ, आणि कुणी उत्तर दिलं तर त्याला परत उत्तर दे, तिथेच खरं बोलणं सुरू होतं. पहिल्या महिन्यात मोठी लिस्ट नको, पाच माणसं घे, त्यातली दोन तरी अशी की ज्यांना तू खरं बोलू शकतोस.

नऱ्ह्यात राहतोस म्हणजे सकाळी हायवेच्या बाजूला चहाच्या टपऱ्या, कॉलेजच्या पोरांची गर्दी, आणि मोकळं आभाळ असेल तर सिंहगड दिसतो. सात दिवस रोज एक फोटो काढ, पण लगेच पाठवू नको, रात्री जेवण झाल्यावर बघ आणि त्यातलं ते एक बारीक काहीतरी शोधून दोन ओळी लिही. पहिले दोन-तीन दिवस ओळ सुचणार नाही, चालेल. आईला मात्र टाईप करून नको, फोटो पाठव आणि खाली वीस सेकंद बोलून पाठव, मागे नऱ्ह्याच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तरी असू दे, तू कुठल्या आवाजात राहतोस ते तिला ऐकायचंच असतं.